सर थॉमस लिप्टन ‘अमेरिका कप’ या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत पाचही वेळा हरले, तरी त्यांचं नाव एवढं का घेतलं जातं?

चहावाले लिप्टन सुकाणूवर कधीच बसले नाहीत. नौका बांधून घेणं, डिझायनर नेमणं, खलाशांचा पगार आणि रॉयल अल्स्टर यॉट क्लबच्या नावाने आव्हान पाठवणं, ही त्यांची कामं. 1899, 1901, 1903, 1920 आणि 1930 अशा पाच आव्हानांसाठी ‘शॅमरॉक’ नावाच्या पाच नौका.

हरण्यामागे नियमाचा मोठा हात होता. आव्हानवीराने अटलांटिक स्वतःच्या नौकेतूनच ओलांडायचा, त्यामुळे तिचा सांगाडा जास्त मजबूत, म्हणजेच जड ठेवावा लागे. कपचा बचाव करणाऱ्या न्यूयॉर्क यॉट क्लबची नौका मात्र फक्त घरच्या पाण्यासाठी हलकी बांधता येई. 1920 मध्ये चौथी ‘शॅमरॉक’ पाचपैकी पहिल्या दोन शर्यती जिंकली, पण पुढच्या तिन्ही गेल्या. कप हातातोंडाशी आला होता, याचं आजही वाईट वाटतं.

1930 ला फरक तंत्राचा होता. बचाव करणारे हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांच्या ‘एंटरप्राइझ’ची डोलकाठी ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूची, विंच (शिडाचे दोर ओढायची यंत्रं) डेकखाली, लिप्टन यांची डोलकाठी लाकडी. निकाल 4-0. तरीही अमेरिकेतल्या सामान्य लोकांनी वर्गणी काढून त्यांना सोन्याचा चषक दिला. शर्यतीचा खरा आश्रयदाता मी त्यांनाच मानतो.