हेल्मेट जिंकणाऱ्याकडे सायकलच नव्हती

तुमची पोस्ट दोनदा वाचली. भरतकामाचं पेज, तीन वर्षांची मेहनत, "आवडलं तर 'हो' लिहा", "अशी मैत्रीण असेल तर टॅग करा" असल्या पोस्टना आधी हजार-हजार कमेंट यायच्या, आता तेच करून साठ-सत्तर पण येत नाहीत, आणि स्वतः भरलेलं काही मनापासून टाकलं तर नुसता शुकशुकाट. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "मी तर फॉलोअर विकत घेतले नाहीत, मग माझं काय चुकलं?" हे वाक्य शब्दाला शब्द मी पण बोललेय एकेकाळी, म्हणून लिहायला बसले. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आधीच सांगते, मी मार्केटिंगवाली नाही. नोकरी सांभाळून सायकल दुरुस्तीचं पेज चालवते, तेवढाच अनुभव. नियमित पोस्ट टाका, फोटो उजेडात काढा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

फॉलोअर मी पण विकत घेतले नव्हते. मी हेल्मेट वाटलं होतं.

झालं असं की पेज बरं चाललं होतं, चार-साडेचार हजार लोक, सगळे सायकलवाले, रोज कोणी ना कोणी काहीतरी विचारायचं. मला ते कमी वाटायला लागलं. मग पेज वाढवून देणाऱ्या एका एजन्सीला काम दिलं, नाव नको, आता त्यांच्याशी भांडायचं त्राण नाही. त्यांनी पहिल्याच महिन्यात गिव्हअवे लावला. पेज फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, स्टोरीला टाका आणि हेल्मेट जिंका. दहा दिवसांत अकरा हजार लोक वाढले. मी रात्री उठून आकडा बघायचे, खोटं कशाला बोलू. ज्याला हेल्मेट लागलं त्याला पत्ता विचारला तर उत्तर आलं, "हेल्मेटच्या जागी पैसे मिळतील का? माझ्याकडे सायकल नाहीये." मी हसले आणि स्क्रीनशॉट काढून बहिणीला पाठवला. डोकं ठिकाणावर असतं तर त्याच दिवशी एजन्सीचं काम थांबवलं असतं.

कारण पोस्ट टाकली की ती सगळ्यांना दिसते असं नाही. कोणासमोर ठेवायची याचा हिशोब प्लॅटफॉर्म मांडतो, आणि समोरचा थांबतो का, वाचतो का, कोणाला पाठवतो का यावरून ती पुढे किती जाणार ते बऱ्याच अंशी ठरतं. आता माझ्या पंधरा हजारातल्या अकरा हजारांना ब्रेक पॅड कधी बदलायचे यात काडीचाही रस नाही, ते अंगठ्याने वर सरकवून मोकळे. माझ्या प्रत्येक चांगल्या पोस्टची परीक्षा आधी ही माणसं घेणार, ती त्यांच्याकडेच नापास होणार, आणि जे खरे सायकलवाले होते त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच संपणार. (आत नेमकं काय चालतं ते कंपन्या पूर्ण सांगत नाहीत, पण माझ्या पेजचे आकडे बघून मी तरी याच मतावर आलेय.) जुने दोन-तीन लोक तर मला विचारायचे, पेज बंद केलं का हो? मी रोज टाकत होते!

पण एजन्सीच्या रिपोर्टमध्ये सगळं हिरवंगार. दर महिन्याला चकचकीत पीडीएफ, वर जाणारा बाण, एंगेजमेंट (म्हणजे लाइक, कमेंट, शेअर) इतके टक्के. कॉलवर मी त्या मुलाला विचारलं, "यातल्या किती जणांकडे सायकल आहे?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, ते रिपोर्टमध्ये येत नाही." हे वाक्य मी अजून विसरलेली नाही. बिचाऱ्याची चूक नव्हती म्हणा, त्याला टार्गेट कमेंटचं होतं, माणसांचं नव्हतं.

मग त्यांनी मला एका पॉडमध्ये घातलं. पॉड म्हणजे चाळीस पेजवाल्यांचा ग्रुप, कोणी पोस्ट टाकली की अर्ध्या तासात बाकीच्यांनी जाऊन "मस्त", "जबरदस्त", "खूपच उपयुक्त" लिहायचं. मी पंक्चर काढायचा व्हिडिओ टाकला त्यावर एका केकवाल्या पेजने "काय रंगसंगती आहे!" लिहिलेलं अजून आठवतं. आणि बदल्यात मला पण रोज तासभर लोकांच्या केकखाली "अप्रतिम" लिहीत बसायला लागायचं, त्या वेळात माझ्याच पेजवर कोणीतरी विचारलेला प्रश्न तसाच पडलेला असायचा. शेवटचा घाव म्हणजे त्यांनी सुचवलं, मुद्दाम चुकीचं लिहा, "चेन कधी साफ करायची नसते" असं काहीतरी, लोक चिडून दुरुस्त करायला येतात आणि कमेंट वाढतात. रेज बेट म्हणतात त्याला, ऑक्सफर्ड शब्दकोशवाल्यांनी २०२५ चा वर्षाचा शब्द म्हणून निवडला तोच. तिथे माझं डोकं फिरलं. कोणीतरी ते खरं मानून चेनची वाट लावेल ना! त्या महिन्यात काम थांबवलं. शेवटचं बिल मात्र भरलं, करारच तसा होता, न वाचता सही केली होती. (तुम्ही कोणाला काम देणार असाल तर मधूनच बंद करायची अट आधी वाचा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल.)

आता तुमच्या "हो लिहा" बद्दल. हे काही गुपित नाहीये, फेसबुकने १८ डिसेंबर २०१७ लाच जाहीर केलं होतं की असल्या पोस्ट खाली ढकलणार. प्रकार पण सांगितले होते, रिअ‍ॅक्शन देऊन मत नोंदवा, आवडलं तर लाइक करा, शेअर करा म्हणजे जिंकाल, मित्राला टॅग करा, कमेंटमध्ये अमुक शब्द लिहा, हे पाचही. आणि जे पेज हे वारंवार करेल त्या अख्ख्या पेजचीच पोच कमी करणार, नुसत्या त्या पोस्टची नाही. हे दुसरं वाक्य माझ्या एजन्सीने मला कधी सांगितलं नाही. तुमच्या बाबतीत हेच झालं असं छातीठोकपणे मी नाही म्हणू शकत, पण तुमच्या पोस्टचे नमुने त्या यादीत चपखल बसतात. मात्र त्याच घोषणेत असंही होतं की कोणी खरंच मदत, सल्ला किंवा माहिती विचारत असेल तर त्याला हे लागू नाही. म्हणजे प्रश्न विचारायला बंदी नाहीये, उगाच विचारायला आहे.

उगाच नसलेला प्रश्न म्हणजे कसा ते माझ्या एका पोस्टवरून सांगते. एजन्सी सुटल्यावर दोन महिने मी रुसून काहीच टाकलं नव्हतं. मग माझ्याच सायकलची चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावरून उडून स्पोकमध्ये जायला लागली. मी दोन आठवडे गिअरची केबल ताणत बसले, सैल कर, ताण, सैल कर, ताण, आणि शेवटी मागे उकिडवी बसून बघितलं तर डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्याला लटकतो तो हँगरच आत वाकलेला. जरासाच. सरळ बाजूने दिसतच नाही, मागून डोळा चक्राच्या रेषेत आणला तरच कळतं. तो मागून काढलेला फोटो टाकला, फार चांगला पण नव्हता, माझा गुडघा आलाय त्यात. दोन आठवडे मूर्खासारखी केबल ताणत होते हे लिहिलं आणि शेवटी विचारलं, "तुमची सायकल कधी गिअरच्या बाजूवर पडली होती का, आणि त्यानंतर किती दिवसांनी त्रास सुरू झाला?"

एकोणीस कमेंट आल्या फक्त. पण प्रत्येक चार-पाच ओळींची. एकाने स्टँडवरून पडलेली सायकल सांगितली, एकीने गाडीच्या डिकीत त्या बाजूवर झोपवली होती म्हणून वाकलं असं सांगितलं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आणि एका काकांनी माझी चूक काढली. मी लिहिलं होतं की तात्पुरतं डिरेलरवरचा एच स्क्रू फिरवून चेन रोखता येईल. त्यांनी लिहिलं, "एच नाही, एल. एच छोट्या चक्राच्या बाजूची हद्द ठरवतो, एल मोठ्या चक्राच्या बाजूची. तुमची चेन स्पोकमध्ये जातेय ना?" बरोबर होतं त्यांचं, शंभर टक्के. मला पोस्ट काढून टाकावीशी वाटली, पण नाही काढली, त्यांची कमेंट पिन केली आणि वर पोस्टमध्ये दुरुस्ती लिहिली. त्या पिन केलेल्या कमेंटखाली जी चर्चा झाली ती माझ्या पेजवरची आजपर्यंतची सगळ्यात चांगली चर्चा. गंमत बघा, एजन्सी मला मुद्दाम चूक करायला सांगत होती आणि मी मनापासून केलेली चूकच कामाला आली. पण ठरवून असली चूक होत नाही हो, लोक ओळखतात.

तर माझं मत (मतच आहे, नियम नाही), ज्या प्रश्नाचं उत्तर ती गोष्ट हाताने न केलेला माणूस पण देऊ शकतो तो प्रश्न विचारू नका. "सुंदर आहे ना?" याला कोणीही हो म्हणेल. "चेन कुठल्या गिअरला उडते?" याला ज्याची उडालीय तोच बोलेल.

दुसरं, कमेंटना उत्तर देणं हे कामच आहे, पोस्ट टाकल्यानंतरचं उरलेलं काम नाही. "धन्यवाद" लिहून हात जोडायची चिन्हं टाकली की बोलणं तिथेच संपतं. मी उलट विचारते, किती जुनी सायकल, कुठला भाग, फोटो आहे का. आणि लोक जे विचारतात ते वहीत उतरवते, पुढच्या पोस्ट त्यातूनच निघतात, विषय शोधत बसावं लागत नाही. आठवड्याला सात पोस्ट टाकायचे त्याच्या आता दोन टाकते. नियमित टाका म्हणणारे चिडतील, चिडू देत.

तिसरं, लाइकचा आकडा बघणं सोडता आलं तर सोडा, मला अजून पूर्ण जमलेलं नाही. इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनी, अ‍ॅडम मोसेरींनी, जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की लोक किती वेळ बघतात, लाइक करतात आणि दुसऱ्याला पाठवतात का, ही तीन मापं सगळ्यात महत्त्वाची, आणि तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायचं तर पाठवण्याला जास्त वजन. आणि कोणी "टॅग करा" म्हटलं म्हणून पाठवत नाही हो, आपल्या मैत्रिणीला ती अडचण आलीय म्हणून पाठवतं. हँगरच्या पोस्टला लाइक कमी होते, पाठवलेली संख्या त्याच्या जवळपास होती. शिवाय इन्स्टावर असाल तर सेटिंगमध्ये अकाउंट स्टेटस उघडून बघा, तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जाऊ शकतात की नाही ते तिथे कळतं. हे मला कोणीतरी वर्षभर आधी सांगायला हवं होतं.

जुने "हो" वाले फॉलोअर काढायचे का, असं पण तुम्ही विचारलंय. मी आधी एकेक करून काढायला बसले होते, चारशेला कंटाळले. घाऊक काढून देणारी अ‍ॅप मिळतात, त्यांना पासवर्ड अजिबात देऊ नका, ते अकाउंट गमावायचे धंदे. राहू देत ते लोक. नवीन पेज पण काढू नका, निदान लगेच नको, जुन्यातच तुमची खरी माणसं कुठेतरी दबलेली आहेत. मला ती परत दिसायला आठ महिने लागले आणि त्यातले पहिले तीन महिने काही म्हणजे काही हललं नाही. तुम्हाला कमी लागतील किंवा जास्त, आणि नाहीच झालं तर मला धरू नका.

आणि हो, तुमचं पेज बघून आले. रिंगमधून काढल्यावर कापडाला चुण्या पडल्या आणि तुम्ही अख्खं फूल उसवलं, ती पोस्ट तुमच्याकडची सगळ्यात चांगली आहे, अकरा लाइक असले तरी. फक्त शेवटी "उसवणाऱ्या मैत्रिणीला टॅग करा" लिहिलंय. ती ओळ काढा, दोरा जास्त ओढला गेला होता की कापड रिंगमध्ये सैल होतं ते लिहा आणि परत टाका. आणि उलट्या बाजूचा फोटो जोडा, गाठींसकट. मला भरतकामातलं ओ की ठो कळत नाही, पण मी तो फोटोच शोधत होते.