वजनाच्या ऑपरेशनसाठी वावर विकू का?

प्रश्न : ताई नमस्कार, आर्णी तालुक्यातून लिहितो. कोरडवाहू पाच एकर आहे, कापूस-तूर. बायकोचं वय ३८, वजन ११२ किलो, उंची पाच फूट दोन इंच, चार वर्षांपासून शुगर आहे अन् गुडघे तर कामातूनच गेले, एक दिवस निंदणाला गेली की दुसऱ्या दिवशी उठत नाही. नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात वजनाचं ऑपरेशन सांगितलं, साडेतीन लाख. भाऊ म्हणते एक एकर विकून टाक, साळा म्हणते सरकारीत पहा. पण पीएचसीत शुगरच्या गोळ्या पुरत नाहीत तिथं सरकार वजनावर काहून पैसा घालीन? खरंच फायद्याचं असते का हे, सांगजा.

उत्तर : दादा, आधी एक सांगते, वावर विकू नका. निदान आत्ता तरी नाही.

वहिनींचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ४५ च्या आसपास येतो, म्हणजे ऑपरेशन सुचवलं ते चुकीचं नाही, हे काही बारीक दिसायसाठीचं ऑपरेशन नव्हे. याचा एक प्रकार स्लीव्ह, त्यात जठराचा पाऊण भाग काढून टाकतात, भूक लावणारं हार्मोन कमी होतं आणि शुगर उतरते. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकनं १५० डायबेटिसवाले पेशंट घेऊन अभ्यास केला होता, त्यात पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ६ टक्के किंवा त्याखाली असलेले नुसत्या औषधावर शंभरात ५ निघाले, स्लीव्हवाले २३ आणि बायपासवाले (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून आतड्याला जोडायचं दुसरं ऑपरेशन) २९. म्हणजे ऑपरेशन केलं की सगळ्यांचीच शुगर जाते असं नाही, पण फरक मोठा आहे, आणि शुगर जितकी नवी तितका फायदा जास्त. चार वर्षं म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

आता सरकार काहून पैसा घालीन, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत हिशोब असा करतात की चांगल्या तब्येतीचं एक वर्ष मिळवायला किती खर्च येतो, तिथं २० ते ३० हजार पौंडांची मर्यादा वर्षानुवर्षं धरली आणि हे ऑपरेशन त्यात बसतं. इन्सुलिन, डायलिसिस, पायाची जखम, हे पुढचे खर्च टळतात ना. पण दादा, तो सरकारच्या तिजोरीचा हिशोब आहे, त्यात विकलेलं वावर कुठंच धरलेलं नसतं. म्हणूनच मला मनापासून वाटतं की हे ऑपरेशन सरकारीतच व्हायला पाहिजे, तिथंच ते खरं परवडतं.

आणि खर्च टाके काढले की संपत नाही. माझ्याकडे एक ताई यायच्या, ऑपरेशन होऊन तीन वर्षं झालेली, वजन छान उतरलेलं, पण तळपायाला मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. बी-१२ ची इंजेक्शनं बंद केलेली, कारण एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी, दोन्ही जायचं. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि दरवर्षी रक्त तपासणी हे जन्मभराचं आहे. सुरुवातीला दोन-चार चमचे वरणातच पोट भरतं, मग घरात प्रोटीनकडे कोणीतरी लक्ष द्यायला लागतं, ते काम तुमचं. आणि ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत.

नागपूरच्या सरकारी मेडिकलला किंवा एम्सला जा. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण त्यात हे ऑपरेशन बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, स्पष्ट विचारा. यात मोठा खर्च स्टेपलर (जठर कापून पिना मारायचं यंत्र) आणि त्याच्या कार्ट्रिजचा, म्हणजे पिनांच्या पट्ट्यांचा असतो, ते बाहेरून आणायला लावतात का हे तारीख घ्यायच्या आधीच विचारून घ्या.

जाताना रेशन कार्ड, आधार आणि चार वर्षांचे शुगरचे सगळे रिपोर्ट एका पिशवीत घाला. नंबर लागेपर्यंत गोळ्या चालूच ठेवा, आणि वहिनींना सध्या निंदणाला नेऊ नका.