बेटांवरच्या जुन्या भूकंप-त्सुनामींचा माग कसा काढतात? त्यावरून पुढची त्सुनामी कधी येईल हे सांगता येतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तारीख सांगता येत नाही. एखाद्या बेटाजवळ केवढा मोठा भूकंप होऊ शकतो आणि असे भूकंप पूर्वी किती शतकांच्या अंतराने झाले, हे मात्र कळू शकतं. लेखी नोंदी नसल्या तरी.

मी भूगर्भशास्त्र शिकवते, आणि त्यातला माझा सगळ्यांत आवडता विषय म्हणजे प्रवाळ. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला असलेल्या मेंतावाई बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात पोराइटिस नावाचे प्रवाळ असतात. ते वाढतात सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपर्यंतच. त्याच्या वर गेलेला भाग उघडा पडून मरतो आणि वाढ आडवी होत राहते. तिथे समुद्राचा तळ सुमात्राखाली सरकतो आहे. सरकताना तो वरच्या भूपट्टाची अडकलेली कड खाली ओढतो, त्यामुळे बेटं दरवर्षी काही मिलिमीटर बुडतात आणि प्रवाळाला वर वाढायला वाव मिळतो. मोठ्या भूकंपात कड सुटते, बेट एका दमात वर येतं आणि प्रवाळाचा माथा मरतो. झाडाच्या खोडात असतात तशी वार्षिक वलयं प्रवाळातही असतात, आणि युरेनियम-थोरियम पद्धतीने त्यांचं वय काढता येतं. भूगर्भशास्त्रज्ञ केरी सीह, डॅनी हिलमन नाताविजाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रवाळांच्या चकत्या कापून सुमारे ७०० वर्षांचा इतिहास लावला. मोठे भूकंप तिथे साधारण दोनशे वर्षांनी, एकापाठोपाठ एक असे गटाने आलेले दिसतात. १७९७ आणि १८३३ ही त्यातलीच जोडी.

दुसरा पुरावा वाळूचा. त्सुनामी समुद्रतळाची वाळू आत आणून टाकते. अडचण अशी की चक्रीवादळही वाळू आणतं. म्हणून थर किती आतपर्यंत गेला आहे, वर जाताना कण बारीक होतात का, त्यात खोल पाण्यातल्या सूक्ष्म जिवांची कवचं आहेत का, हे सगळं तपासावं लागतं. सुमात्राच्या उत्तर टोकाला असलेल्या आचे प्रांताच्या किनाऱ्यावरच्या एका गुहेत हे काम विलक्षण सोपं झालं, कारण तिथे दोन त्सुनामींच्या वाळूच्या थरांच्या मधे वटवाघळांच्या विष्ठेचा थर साचत गेला होता. सुमारे ७,४०० ते २,९०० वर्षांपूर्वीच्या काळातल्या किमान ११ त्सुनामी तिथे सापडल्या. त्यात एकदा जवळपास दोन हजार वर्षं शांतता होती, तर एकदा एकाच शतकात चार त्सुनामी आल्या. म्हणून ‘सरासरी अमुक वर्षं, म्हणजे अजून तमुक वर्षं धोका नाही’ असा हिशेब कुणी मांडला तर तो कृपया मानू नका.

एवढं मागे जायची गरज का पडते, ते अंदमान-निकोबारवरून कळतं. लेखी इतिहासात तिथले मोठे भूकंप म्हणजे १८८१ चा कार निकोबारचा आणि १९४१ चा अंदमानचा, दोन्ही आठ तीव्रतेच्या आतले. तेवढ्यावर विसंबलं असतं तर २६ डिसेंबर २००४ ला ९.१ तीव्रतेचा भूकंप आणि सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची भेग कुणाच्या कल्पनेतही आली नसती. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट तेव्हा चार मीटरहून जास्त खचला, आणि उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे प्रवाळखडक पाण्याबाहेर आले.

(सगळ्याच त्सुनामी भूकंपाने येत नाहीत. २०१८ मध्ये अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची कडा समुद्रात कोसळली आणि लाट आली. तो अभ्यास बराच वेगळा आहे.)

लोकांच्या आठवणींनाही मी पुराव्याइतकंच मानते. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची गोष्ट ‘स्मोंग’ या नावाने घरोघरी सांगितली जायची : जोराचा भूकंप झाला की डोंगराकडे पळा. २००४ मध्ये ते बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. सत्तर हजारांहून अधिक वस्तीत सातच माणसं गेली.

पण भूकंप जोराचाच जाणवेल असंही नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये मेंतावाईत ७.८ चा भूकंप झाला, तळ संथपणे सरकला, अनेकांना हादरा बेताचाच वाटला, आणि मागून आलेल्या लाटेत चारशेहून अधिक लोक गेले. म्हणून आता हादरा सौम्य असला तरी तो बराच वेळ टिकला की उंचावर जा, असं सांगतात. आणि मेंतावाईतल्याच सिबेरुत बेटाखालचा पट्टा १७९७ नंतर पूर्ण सुटलेला नाही. २००७ च्या ८.४ च्या भूकंपातही तो बराचसा अडकूनच राहिला. त्याच्या समोरच्या किनाऱ्यावर पाडांग हे लाखो वस्तीचं शहर आहे, आणि तिथल्या लोकांना कुठे आणि किती उंच चढायचं हे सांगण्यासाठी हा अभ्यास आज वापरला जातो.