नाशिकमध्ये तिसऱ्या मजल्यावर सहा फुटी रीफ टँक: कोणत्या मापाचा, कशाचा आणि कुठून घ्यावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, गोड्या पाण्याचे मासे पाळून हात बसलेला आहे, आणि आता हॉलमध्ये सहा बाय दोन बाय दोन फुटांचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा टँक, करायचा आहे. काच घ्यावी की अ‍ॅक्रिलिक, जाडी किती, आणि मुंबईहून रेडिमेड आणावा की इथेच बनवून घ्यावा?

मी इंदिरानगरला राहतो, घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, म्हणून अनुभवावरून सांगतो. तुमच्या जागी मी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि वीस इंच उंच टँक घेईन. काचेचा, १२ मिमीचा, नाशिकमध्येच बनवून. सहा फूट लांबीला माझ्या मते एकच सबळ कारण आहे: तुम्हाला निळा टँग हा मासा पाळायचा असला तर. तो पूर्ण वाढला की तीस सेंटीमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहतो. क्लाउनफिशची जोडी, गोबी, एखादा कार्डिनल एवढंच हवं असेल तर पाच फूट भरपूर झाले.

आता मापांमागचं कारण. दुकानात गेलात की लांबी आणि उंचीवर बोलणं होतं, कारण समोर उभं राहिलं की तीच दोन दिसतात. रुंदी दिसत नाही, म्हणून काटछाट तिथे होते आणि दीड फूट रुंदीचा टँक गळ्यात पडतो. रीफमध्ये मात्र खरी कामाची रुंदीच. दगड मागच्या काचेपासून चार बोटं लांब ठेवता आले की पाणी त्यांच्या मागून फिरतं, घाण साचून राहत नाही, आणि काच पुसायचा मॅग्नेट चारही बाजूंनी फिरतो. दीड फुटात दगड रचले की एक भिंत तयार होते आणि मासे तिच्या पुढ्यात परेड करतात, बस.

उंचीचा मोह तर सोडाच. स्टँड साधारण तीन फुटांचा असतो. त्यावर दोन फूट उंच टँक म्हणजे काठ पाच फुटांवर. स्टुलावर चढायचं, बाही खांद्यापर्यंत गुंडाळायची, गाल काठाला टेकवायचा, तरी बोटं वाळूला लागतात न लागतात. पडलेला प्रवाळाचा तुकडा उचलायला प्रत्येक वेळी लांब चिमटा शोधावा लागतो. ऑर्डर देण्यापूर्वी हवं तर दारामागच्या भिंतीवर पाच फुटांची खूण करा आणि तिच्या खाली हात किती जातो ते बघा. शिवाय काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीनुसार वाढतो, रुंदीनुसार नाही. वीस इंच उंचीला १२ मिमी काच पुरते. दोन फूट उंची आणि सहा फूट लांबी झाली की वरून काचेच्या आडव्या पट्ट्या लावाव्या लागतात, किंवा बिनपट्टीचा हवा असेल तर १५ मिमीवर जावं लागतं. उंची वाढली की तळापर्यंत उजेड पोचवायला लाईटही महागडे घ्यावे लागतात.

वजनाचा हिशोब तुम्ही प्रश्नात कुठेच धरलेला नाही, म्हणून तो जरा सविस्तर. सहा बाय दोन बाय दोनमध्ये काठोकाठ ६८० लिटर पाणी मावतं. खारं पाणी थोडं जड, म्हणजे ७०० किलो. १२ मिमी काच चौरस मीटरला तीस किलो भरते, त्या हिशोबाने रिकामा टँकच सव्वाशे किलोच्या आसपास. दगड-वाळू, खालचा सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) आणि त्यातलं पाणी, लोखंडी स्टँड धरून बेरीज साडेअकराशे किलोपर्यंत जाते, आणि हे सगळं जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानक, आयएस ८७५, चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरायला सांगतं. याचा अर्थ टँक ठेवला की स्लॅब कोसळेल असा नाही. भार आजूबाजूला पसरतो, आणि खाली बीम असेल तर गोष्ट वेगळीच. पण हॉलच्या मधोमध पार्टिशनसारखा ठेवण्याचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. बीमवरच्या भिंतीला लागून, शक्यतो कॉलमजवळ, लांबी बीमच्या दिशेने. पुढे काढलेल्या बाल्कनीत कधीच नाही. बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून आरसीसीचे नकाशे मागा आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सगळ्या खर्चात त्याची फी किरकोळ ठरते. मी म्हणतो तो पाच फुटी टँक सगळं धरून सव्वाआठशे किलोपर्यंत बसतो. तोही दाखवूनच ठेवा.

काच की अ‍ॅक्रिलिक? अ‍ॅक्रिलिक हलकं आणि स्वच्छ दिसतं, धक्का लागला तर काचेपेक्षा जास्त सोसतं. पण रीफमध्ये काचेवर गुलाबी, चुन्यासारखं शेवाळ चढतं आणि ते ब्लेडने खरवडावं लागतं. अ‍ॅक्रिलिकवर ब्लेड चालवलं की ओरखडे कायमचे. म्हणून काच. समोरची काच एक्स्ट्रा क्लिअर घ्या. साध्या काचेतली हिरवी झाक खाऱ्या पाण्यातले रंग मळकट करते. बाकीच्या बाजूंना साधी चालेल. काचवाला ‘टफन करून देतो साहेब, मजबूत होईल’ असं म्हणेल. नको म्हणा. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, आणि ती फुटली तर तडा जाऊन थांबत नाही, अख्खी काच एका क्षणात चुरा होऊन सगळं पाणी हॉलमध्ये येतं.

भोकांचं तर आधीच ठरवा. टँक जोडून झाल्यावर ओव्हरफ्लोचा, म्हणजे वरचं पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या वाटेचा, विचार म्हणजे वरातीमागून घोडं. मागच्या काचेला वरच्या बाजूला भोकं, बाहेर छोटा डबा आणि तीन पाईप: एक पूर्ण भरून वाहणारा, दुसऱ्यातून थोडीशी धार, तिसरा कायम कोरडा, पहिले दोन तुंबले तर उपयोगी पडणारा. काठावर अडकवायचे ओव्हरफ्लो मिळतात, पण वीज जाऊन आल्यावर त्यांचा सायफन परत सुरू झाला नाही, तर पंप पाणी वर चढवत राहतो आणि खाली उतरायला वाट नसते.

वीज जाण्याचं आपल्याकडे नवल नाही. देखभाल-दुरुस्तीसाठी महावितरण तासन् तास पुरवठा बंद ठेवतं, वळवाच्या पावसात तर विचारूच नका. पंप थांबला की टँकमधलं पाणी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत खाली सम्पमध्ये उतरतं. पाच बाय दोन फुटांच्या टँकमध्ये एक सेंटीमीटर पाणी म्हणजे नऊ लिटरहून जास्त. तीन सेंटीमीटर उतरलं तरी सत्तावीस-अठ्ठावीस लिटर, शिवाय पाईपमधलं वेगळं. रिटर्नच्या, म्हणजे सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या, पाईपचं तोंड पाण्यात दहा सेंटीमीटर खोल ठेवलं असेल, तर तोच पाईप उलटा सायफन होऊन नव्वद लिटर खाली आणेल, आणि सम्प भरून लादीवर. म्हणून तोंड पाण्याच्या पातळीच्या अगदी जरा खाली. सम्प टँकबरोबरच बनवून घ्या, स्टँडमध्ये मावेल तेवढा मोठा, आणि चालू असताना निम्म्याहून थोडाच जास्त भरा. पहिल्या दिवशी स्वतः स्विच बंद करून पाणी कुठपर्यंत चढतं ते पाहा आणि तिथे मार्करने रेघ मारा. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा निदान एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) बॅटरीवर चालेल अशी सोय पहिल्या दिवसापासून हवी. आणि टँकच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

तापमानाच्या बाबतीत आपण मुंबईकरांपेक्षा सुखी आहोत. टँक २५-२६ अंशांवर ठेवायचा असतो आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो हे खरं. पण आपला उन्हाळा कोरडा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने टँकवर दोन छोटे पंखे लावले की पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हे तितकं साधत नाही. याची किंमत अशी की मे महिन्यात माझ्याकडे रोज अर्धी-पाऊण बादली पाणी उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. पाचशे लिटरमधलं रोज दहा लिटर गेलं आणि तुम्ही तीन दिवस गावाला, तर क्षारता (लिटरमागे ग्रॅम मीठ) ३५ वरून ३७ च्या वर. म्हणून आपोआप गोडं पाणी भरणारी यंत्रणा आणि तिची टाकी यांना स्टँडमध्ये जागा ठेवा. चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घेणारच असाल तर त्याची गरम हवा बाहेर जाईल अशा जागी ठेवा. बंद स्टँडमध्ये ठेवलेला चिलर स्वतःच्याच उष्णतेशी भांडत बसतो. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की हीटरही लागतो. एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, म्हणजे एक अडकून चालूच राहिला तरी पाणी उकळणार नाही.

पाणी गंगापूर धरणाचं असो, बोअरचं असो की टँकरचं, नळातून थेट नको. स्वयंपाकघरातला आरओही चालत नाही, कारण तो चवीसाठी क्षार ठेवतो. आरओ अधिक डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारा फिल्टर) लावून टीडीएस शून्य यायला हवा. एका लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जातं, ते फरशी पुसायला वापरा. दर वेळी पन्नास लिटर पाणी बदलायचं तर पावणेदोन-दोन किलो मीठ आणि ते ढवळायला एक ड्रम लागतो. तो ड्रम कुठे ठेवणार हे घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या. टँकला होकार देणारी माणसं ड्रम पाहिला की बदलतात.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगणार नाही. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाईप, फायर कोरल आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रघोडेही तिथेच. ‘लाईव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा आपल्या समुद्रातला दगड म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा. ‘हा माल इंडोनेशियाचा आहे’ या तोंडी उत्तरावर जाऊ नका. दगडी प्रवाळं साईट्स (वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतही आहेत, आयातीला परवाना लागतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मी स्वतः कृत्रिम सिरॅमिक दगड वापरतो आणि मश्रूम, लेदर यांसारख्या मऊ प्रकारांवर समाधानी आहे, तेही बिल घेऊनच. टँक निवडताना याचा फायदाच होतो: मऊ प्रवाळांना उजेड कमी लागतो, म्हणजे लाईटवरचा खर्च निम्म्यावर येतो. शंका असली तर खरेदीआधी वनविभागात विचारा.

राहिला प्रश्न मुंबईहून आणायचा. क्रॉफर्ड मार्केटला बघायला जरूर जा, मासेही बहुधा तिकडूनच येतील. पण शंभर किलोची काच कसारा घाटातून आणा, मग जिन्याच्या वळणावर अडकवा, कशाला? पाच फुटी टँक सोसायटीच्या लिफ्टमध्ये बहुधा जाणार नाही. जिन्याचं वळण मोजा. बसत नसेल तर कारागिराला घरीच जोडायला लावा. स्टँडला जाड चौकोनी पाईप आणि खाली पूर्ण चौकट हवी, चार पाय नकोत, म्हणजे भार चार टिंबांवर येणार नाही. अंबड-सातपूरला फॅब्रिकेशन आणि पावडर कोटिंग करणारे चिक्कार आहेत, आणि खाऱ्या हवेत साधा ऑइलपेंट टिकत नाही. वर मरीन प्लाय, त्यावर फोमची शीट, मग टँक.

ताबा घेताना मोबाईलचा टॉर्च तिरका धरून प्रत्येक सांधा बघा. सिलिकॉनचा थर सलग काळा किंवा सलग पारदर्शक दिसायला हवा. मध्ये चंदेरी ठिपके दिसले तर ते हवेचे बुडबुडे. एक-दोन सुटे असतील तर ठीक, ओळीने असतील तर सांधा परत करायला सांगा. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरलेलं नाही ना, ते ट्यूबवर वाचून घ्या. जोडल्यावर निदान आठवडाभर तसाच वाळू द्या, मग साध्या पाण्याने काठोकाठ भरून दोन-तीन दिवस खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. कारागिराचे उरलेले पैसे कागद कोरडा निघाल्यावर द्या.