थंड पाण्यासाठी डिटर्जंट कोणते घ्यावे?

प्रश्न : आमच्याकडे टॉप लोड वॉशिंग मशीन आहे आणि त्यात पाणी गरम करण्याची सोय नाही. पाणी बोअरचे वापरतो. उन्हाळ्यात काही तक्रार नसते, परंतु डिसेंबर-जानेवारीत गडद कपड्यांवर पावडरचे पांढरे पट्टे राहतात, कॉलरी मळकट दिसतात आणि तेलाचे डाग तसेच राहतात. महागडी पावडर आणूनही फरक पडला नाही. कोणते डिटर्जंट निवडावे?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपल्या तक्रारीत दोन वेगवेगळी कारणे एकत्र आली असावीत, आणि खरेदीपूर्वी ती वेगळी करणे आवश्यक आहे. नागपुरात हिवाळ्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्याही खाली जाते, गच्चीवरच्या टाकीतले पाणी सकाळी हात आखडावेत इतके गार असते आणि अशा पाण्यात पावडर सावकाश विरघळते. दुसरे कारण बोअरच्या पाण्यातील क्षार हे आहे. पावडरमधील धुण्याच्या सोड्याशी पाण्यातील कॅल्शियमचा संयोग झाला की न विरघळणारा चुन्यासारखा थर तयार होतो आणि तो कापडावर बसतो. काळ्या पँटवरचा पांढरा पट्टा कोमट पाण्याने चोळून पाहावा. तो लगेच निघून गेला तर ती न विरघळलेली पावडर समजावी. पाण्याने न जाता व्हिनेगरच्या दोन थेंबांनी गेला तर तो क्षारांचा थर असण्याची शक्यता अधिक.

दोन्ही बाबतीत लिक्विड डिटर्जंट अधिक सोयीचे ठरते, कारण त्यात विरघळण्याचा प्रश्नच नसतो आणि धुण्याचा सोडाही सहसा नसतो. मात्र केवळ लिक्विड आहे म्हणून ते घेऊ नये. बाटलीवर एन्झाइमचा उल्लेख आहे का, हे आवर्जून पाहावे. प्रोटीएज हे एन्झाइम घाम, दूध व रक्ताचे डाग फोडते, लायपेज तेल-तुपाचे, तर अमायलेज वरण-भातासारख्या पिष्टमय पदार्थांचे. ही एन्झाइमे गार पाण्यातही काम करतात, परंतु हळू करतात, आणि बहुतेक घरांत नेमकी येथेच घाई होते. मशीनमधील पंधरा मिनिटांचे झटपट चक्र त्यांना पुरत नाही. कपडे अर्धा ते एक तास भिजत ठेवून मग मशीन लावल्यास तेच डिटर्जंट कितीतरी चांगला परिणाम देते.

तेलकट डागांविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. सावजी रश्श्याची तर्री शर्टवर सांडली, तर तेल गार पाण्यातही पातळच राहते. डालडा किंवा तूप मात्र थंडीत गोठते आणि गार पाण्याने सहजी सुटत नाही. म्हणून अशा डागावर कपडा कोरडा असतानाच थोडे लिक्विड बोटाने चोळून दहा मिनिटे ठेवावे व तेवढाच भाग कोमट पाण्याने धुऊन घ्यावा. हळदीचा डाग डिटर्जंट लागताच लाल होतो, त्याने घाबरू नये; धुतल्यावर कपडा उन्हात वाळवला की तो फिका पडत जातो.

घरी असलेली पावडर टाकून देण्याचे कारण नाही. एक मग कोमट पाण्यात ती पूर्ण विरघळवून मगच मशीनमध्ये ओतावी. हे पाणी उकळते मात्र नसावे, कारण त्यात एन्झाइम निकामी होतात. फेस आणि सुगंध यांवरून गुणवत्ता ठरवू नये. कपडे पांढरेशुभ्र दिसण्यामागे पुष्कळदा ऑप्टिकल ब्राइटनर असतात, जे मळ काढत नाहीत, फक्त निळसर चमक आणतात. ऑक्सिजन ब्लीच असलेल्या पावडरीसाठी जादा पैसे मोजणेही थंड पाण्यात फारसे लाभाचे नाही; अशा ब्लीचमधील परकार्बोनेट या साध्या घटकाचा खरा प्रभाव गरम पाण्यातच दिसतो.

आपल्याकडे महापालिकेच्या नळाचे, म्हणजे पेंच किंवा कन्हानचे पाणी येत असेल, तर धुण्यासाठी तेच वापरून पाहावे. ते बोअरच्या पाण्यापेक्षा सामान्यतः कमी क्षारयुक्त असते. बोअरचेच पाणी वापरायचे असल्यास डिटर्जंट किंचित जास्त घ्यावे आणि एकदा अधिक खंगाळावे.

लोकरीचे स्वेटर व रेशमी साड्या यांना मात्र प्रोटीएज असलेले डिटर्जंट लावू नये, कारण लोकर व रेशीम हीही प्रथिनेच आहेत आणि वारंवार धुण्याने त्यांचे धागे झिजतात. त्यांच्यासाठी सौम्य लिक्विड वेगळे ठेवावे. घरात कोणी आजारी असल्यास त्यांचे टॉवेल व चादरी कापडाला सोसेल इतक्या गरम पाण्यात धुवाव्यात, कारण गार पाण्यातील धुलाईने मळ निघतो, जंतू मरतीलच असे नाही.