गाडीवाल्या काकांना विचारा: नाकापेक्षा मोती जड

गेल्या अंकात आरव्हीबद्दल, म्हणजे राहता येतं अशा गाड्यांबद्दल, दोन ओळी काय लिहिल्या, या वेळी निम्मी पत्रं फिफ्थ व्हीलवरच आलीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो, पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर (जोडणीवर) ज्याची मान येऊन टेकते तो मोठा राहता ट्रेलर म्हणजे फिफ्थ व्हील, आत बेडरूम, किचन, सोफा, काहींमध्ये तर वॉशिंग मशीनसुद्धा. बंपरच्या मागे बॉलवर अडकवतात तो ट्रॅव्हल ट्रेलर, तो वेगळा.

प्रश्न: नमस्कार काका. आम्ही डॅलसजवळ राहतो. हे मार्चमध्ये रिटायर होतायत, मुलगा सिअ‍ॅटलला आणि मुलगी शार्लटला, त्यामुळे घर भाड्याने देऊन वर्षभर फिफ्थ व्हीलमध्ये राहायचं असं यांनी ठरवलंय (मी अजून हो म्हटलेलं नाही). ३८ फुटी ट्रेलर पसंत केलाय, ब्रोशरवर कोरडं वजन १२,५०० पौंड आणि जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल वजन) १५,५०० पौंड लिहिलंय. डीलर म्हणतो थ्री-क्वार्टर टन (हाफ टन आणि वन टन यांच्या मधला पिकअप) डिझेल घ्या, त्याची टोइंग कपॅसिटी १८,००० च्या वर आहे, आरामात ओढेल. यांना पटलंय पण मला काहीतरी खटकतंय. – एक वाचक, टेक्सास

उत्तर: ताई, ओढेल हो, तेवढ्यापुरतं डीलर खोटं बोलत नाहीये. आजकालची डिझेल इंजिनं साडेपंधरा हजार सहज ओढतात. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं, आणि तुम्हाला खटकतंय ते बरोबर खटकतंय.

बैलगाडी आठवा. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर. फिफ्थ व्हील मुद्दाम पुढे जड बनवतात, म्हणूनच तो हायवेवर ट्रॅव्हल ट्रेलरसारखा शेपूट हलवत नाही, पण त्याची किंमत म्हणजे एकूण वजनाच्या साधारण २० टक्के, बऱ्याचदा २२-२३ टक्के वजन थेट ट्रकच्या हौद्यात येऊन बसतं. याला पिन वेट म्हणतात. आणि हे वजन धरताना १२,५०० वरून धरायचं नाही, १५,५०० वरून धरायचं. कोरडं वजन म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाचं, तेव्हा आत एक चमचासुद्धा नसतो. तुम्ही वर्षभर राहणार, म्हणजे पाणी आलं (गॅलनला ८.३४ पौंड, ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पौंड तिथेच), प्रोपेन, बॅटऱ्या, कपडे, खुर्च्या, आणि आपल्या घरात कुकर, मिक्सर, इडलीपात्र, कणकेची वीस पौंडी पिशवी हे काय चुकणारे का.

आता हिशोब करा. १५,५०० चे २२ टक्के म्हणजे ३,४१० पौंड, किलोत दीड टनाच्या वर, जवळजवळ दोन अल्टो गाड्या हौद्यात एकावर एक ठेवल्यासारखं. हिचचं स्वतःचं वजन २०० पौंड धरा, तुम्ही दोघं मिळून ३३०, हौद्यात जनरेटर आणि हत्यारं वगैरे २००. झाले ४,१४० पौंड.

आता तो ट्रक बघायला गेलात की इंजिन बघू नका, स्क्रीन बघू नका, ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या खांबावर पिवळं-पांढरं स्टिकर असतं ते वाचा. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको असं त्यावर छापलेलं असतं, तो पेलोड. ब्रोशरमधला आकडा त्या मॉडेलमधल्या सगळ्यात हलक्या, बिनसजावटीच्या ट्रकचा असतो, स्टिकरवरचा आकडा तुमच्यासमोर उभ्या असलेल्या त्या एका ट्रकचा असतो, सनरूफ, लेदर सीटा, फोर बाय फोर सगळं वजा करून उरलेला. थ्री-क्वार्टर टन, क्रू कॅब (चार दारांची केबिन), डिझेल, फोर बाय फोर अशा ट्रकवर तो बऱ्याचदा २,००० ते २,६०० च्या मध्ये कुठेतरी निघतो. कारण सरळ आहे, यातल्या बऱ्याच ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे ट्रक, माणसं, सामान, पिन सगळं धरून कमाल वजन १०,००० पौंडांवर ठेवलेलं असतं आणि डिझेल इंजिनासकट ट्रक स्वतःच साडेसात हजारांच्या आसपास भरतो. उरले किती? आणि तुम्हाला हवेत ४,१४०. यालाच आपल्याकडे नाकापेक्षा मोती जड म्हणतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, मी स्वतः हेच करून बसलोय. कुठल्या कंपनीचा ट्रक ते सोडा, दोष माझाच होता, सेल्समनने सांगितलं आणि मी मान डोलावली. पहिल्याच ट्रिपला गाडीचं नाक वर, समोरून येणारे सगळे हेडलाइट मारून शिव्या घालतायत कारण माझे दिवे त्यांच्या डोळ्यात, स्टिअरिंग हलकं हलकं लागतंय, बायको म्हणते आपण विमानात बसलोय का. पुढच्या ट्रक स्टॉपवर काटा होता, तिथे तीन वेगळे प्लॅटफॉर्म असतात, ट्रकचा पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर असं वेगवेगळं वजन येतं. पावती हातात आली तर ट्रकच्या दोन एक्सलवर मिळून ११,२०० च्या वर, १०,००० च्या ट्रकवर. मग कोणीतरी सांगितलं एअरबॅग लावा, म्हणजे मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या. लावल्या. गाडी सरळ दिसायला लागली एवढंच, एअरबॅगने स्टिकरवरचा आकडा बदलत नाही, एक्सल आणि टायर तेच राहतात. आठ महिन्यांनी तोट्यात विकला.

म्हणून तुमच्या ट्रेलरसाठी माझं उत्तर: वन टन, आणि तोसुद्धा ड्युअली, मागे चार चाकांचा. मागे दोनच चाकं असलेला वन टनही मिळतो, त्याचा पेलोड साधारण ३,५०० ते ४,४०० मध्ये येतो, तुमचे ४,१४० त्यात कसेबसे बसतील किंवा नाही बसणार, आणि काठावरचं गणित वर्षभर रस्त्यावर राहणाऱ्याने करू नये असं माझं मत. ड्युअलीला ५,००० च्या वर मिळतो. फोर्ड एफ-३५०, रॅम ३५००, शेवी सिल्व्हराडो ३५०० एचडी, जीएमसी सिएरा ३५००, यातला कुठलाही घ्या, त्यात मी भांडणार नाही, ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ आहे तो घ्या. एफ-४५० चा मोह होईल यांना, त्याची पुढची चाकं जास्त वळतात म्हणून कॅम्पसाइटमध्ये सोपं पडतं हे खरं, पण मोठा नंबर म्हणजे जास्त पेलोड असं नाही, बऱ्याचदा एफ-३५० ड्युअलीचाच जास्त असतो. परत तेच, दार उघडा आणि वाचा. हाफ टन, थ्री-क्वार्टर टन, वन टन ही जुन्या काळची नुसती नावं राहिलीत, त्यावरून काही ठरवू नका.

ड्युअलीचे हाल पण सांगतो. रुंदी आठ फूट, लाँग बेड (लांब हौदा) क्रू कॅब म्हणजे लांबी बावीस फुटांच्या आसपास, घरच्या गॅरेजमध्ये जाणार नाही, कार वॉशवाला हात जोडेल, आणि रविवारी संध्याकाळी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये घेऊन जायचा विचारही करू नका. रोजची गाडी हीच असणार असेल तर आधी एक दिवस भाड्याने घेऊन चालवा, तुम्ही पण चालवा ताई, फक्त यांनी नको. कारण कोलोराडोच्या घाटात यांची पाठ धरली तर चालवणार कोण?

आणि एक राहिलं, लायसन्स. ड्युअलीचा जीव्हीडब्ल्यूआर १४,००० धरला आणि ट्रेलरचा १५,५००, तर बेरीज २९,५०० होते. टेक्सासमध्ये बेरीज २६,००० च्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० च्या वर असला की नॉन-कमर्शियल क्लास ए लायसन्स लागतं, घरगुती वापर असला तरी. डीलर हे सहसा सांगत नाही. मार्चच्या आधी उरका.

यांना तोच ट्रक घ्यायचा असेल तर दुसरा मार्ग पण आहे, ट्रेलर छोटा घ्या. पण तुम्ही अजून हो म्हटलेलं नाहीये ना, मग मोठाच मागा.

प्रश्न: काका, आमचा ३० फुटी फिफ्थ व्हील आहे, जीव्हीडब्ल्यूआर ११,०००. वर्षातून चार-पाच ट्रिपा, बहुतेक ओहायो, मिशिगन, केंटकी. ट्रक घेतोय तर डिझेल इंजिनासाठी जवळपास दहा हजार डॉलर जास्त मागतायत. द्यावेत का? – सिनसिनाटी

उत्तर: नाही. तुमच्यासाठी नाही. ११,००० चे २० टक्के २,२००, २२ टक्के धरले तरी २,४२०, पेट्रोल इंजिनाचा थ्री-क्वार्टर टन हे आरामात घेतो, उलट पेट्रोल इंजिन काही शे पौंडांनी हलकं असल्याने त्याचा पेलोड डिझेलपेक्षा जास्तच असतो, हे ऐकून लोक चकित होतात. शिवाय डिझेलला रोज दोन-तीन मैलांच्या खेपा सोसत नाहीत, एक्झॉस्टमधला फिल्टर जाळून साफ व्हायला गाडी जरा लांब पळावी लागते, आणि डीईएफची (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी भरत राहा ते वेगळंच. तुम्ही महिनाभर ऑफिसला नेणार आणि मग एकदा कॅम्पिंगला, पेट्रोलच बरं.

पण उद्या पश्चिमेकडे जायचं ठरलं तर गणित बदलतं. डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढलात की ११,००० फुटांच्या वर जाता, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद घालवतं, म्हणजे वर पोचेपर्यंत एक तृतीयांश गेली. इंजिन ओरडत चढतं, चढतं पण. टर्बो डिझेलला हवेची तेवढी फिकीर नसते. आणि खरी मजा उतरताना, ७ टक्क्यांचा उतार मैलोन्‌मैल, खंडाळ्याच्या घाटात ट्रकवाले गिअर टाकून उतरतात तेच इथे डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक करतो, ब्रेकला पाय लावायची गरज कमी पडते. माझ्या मते डिझेलचे निम्मे पैसे त्या एक्झॉस्ट ब्रेकचेच आहेत.

ता. क. रॅमच्या डिझेलमध्ये कमिन्सचं इंजिन असतं, २०१९ मध्ये हजार पौंड-फूट टॉर्क गाठणारा पहिला पिकअप तोच. आमच्या पुणेकरांना कमिन्स म्हटलं की कोथरूड आठवतं, १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्स तिथे होती. माझ्या एका पुणेकर मित्राने निव्वळ या भावनेपोटी रॅम घेतला, त्याला मी काय बोलणार.

प्रश्न: शॉर्ट बेडवर (आखूड हौद्यावर) फिफ्थ व्हील चालतो का? वळताना ट्रेलर केबिनला लागतो म्हणतात. आणि कॅलिफोर्नियात लायसन्सचं काय? – फ्रीमाँट

उत्तर: लागतो, मागची काच फुटलेली मी पाहिलीय, बॅकिंग करताना नव्वद अंशाला घेतला आणि गेली. आठ फुटी लाँग बेड असेल तर हा प्रश्न जवळजवळ नाहीच. साडेसहा फुटांच्या आसपास हौदा असेल तर स्लायडर हिच घ्या, वळताना पिन मागे सरकते, पण तो हिच जड असतो आणि त्याचं वजन पेलोडमधूनच जातं हे विसरू नका. ट्रक नवा घेताय तर कंपनीचंच फिफ्थ व्हील प्रेप पॅकेज घ्या, हौद्यात हिच अडकवायची भोकं आणि वायरिंगचं सॉकेट तयार मिळतं, नंतर ड्रिलिंग करत बसायला नको.

कॅलिफोर्नियात ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० ते १५,००० च्या मध्ये असला तर साध्या लायसन्सवर वेगळं एंडॉर्समेंट (जादा परवानगीची नोंद) लागतं, १५,००० च्या वर नॉन-कमर्शियल क्लास ए. आणि ट्रेलर मागे असताना वेग ताशी ५५ मैलच, मग शेजारून कोणी कितीही हॉर्न मारो.

प्रश्न: गाडीवाले काका, मी नाशिकचा, चाळीस वर्षं ट्रान्सपोर्टचा धंदा केला, न्हावा शेव्याला माझे कंटेनरचे ट्रेलर जायचे. फिफ्थ व्हील आम्ही पण म्हणायचो, घोड्यावर (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकवर) बसवलेली ती प्लेट. आता ह्युस्टनचा मुलगा म्हणतो मी फिफ्थ व्हील घेतला. हे तेच की दुसरं काही? मुलाला काय सांगू?

उत्तर: तेच हो! किंगपिन म्हणजे ट्रेलरची खालची खुंटी तीच, तिला पकडणारा जबडा तोच, फक्त तुमच्या कंटेनरच्या जागी बेडरूम आलीय. नाव तर त्याहून जुनं, घोडागाड्यांच्या काळातलं, चार चाकं रस्त्यावर आणि पुढचा एक्सल वळावा म्हणून आडवी बसवलेली गोल चकती ते पाचवं चाक. इथे लोकांनी अख्ख्या ट्रेलरलाच ते नाव देऊन टाकलं.

मुलाला तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं शिकवाल. घोडा जोडल्यावर तुमचे ड्रायव्हर काय करायचे? जबडा बसलाय का ते वाकून टॉर्चने बघायचे, ट्रेलरचा ब्रेक धरून घोडा जरा पुढे खेचून बघायचे, आणि मगच ट्रेलरचे टेकवायचे पाय वर घ्यायचे. इथे हौशी लोक नेमके पाय आधी वर घेतात, पिन जबड्यात न बसता वरच राहिलेली असते, आणि ट्रक पुढे गेला की सात टनांचा ट्रेलर हौद्याच्या कडांवर बसतो. हे त्याला फोनवर एकदा खडसावून सांगा, वडिलांचं ऐकतात. तुमच्या घोड्याला नव्हती अशी एकच गोष्ट याच्या ट्रकला आहे, मागची फळी म्हणजे टेलगेट. मान टेकवायला ट्रक मागे घेताना ती खाली पाडायची आणि ट्रेलर सोडून ट्रक पुढे काढतानाही खालीच ठेवायची. माझी दोनदा चेपलीय.