घरपट्टी कमी आहे, पण ती कुणाच्या नावावर?

प्रश्न : मी येत्या मार्चमध्ये बँकेतून निवृत्त होत आहे. डोंबिवलीची सदनिका भाड्याने देऊन आम्ही उभयता कायमचे अन्यत्र राहणार आहोत. दोन घरे पाहिली आहेत. पहिले पुण्यात नऱ्हे येथे 640 चौरस फुटांची सदनिका, किंमत 52 लाख, वार्षिक मिळकतकर 13,900 रुपये आणि थकबाकी शास्तीसह सुमारे 71,000 रुपये. ‘वसुलीला शासनाची स्थगिती आहे, काळजी करू नका’, असे विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर कळवले आहे. दुसरे वाई तालुक्यातील एका गावात दुमजली घर, किंमत 38 लाख, घरपट्टी वर्षाला फक्त 1,150 रुपये. तेथे 51,000 रुपये विसार दिला आहे. निवृत्तिवेतनावर जगायचे असल्याने कर कमी असलेले घर घ्यावे असे वाटते. दोन्हीकडची कागदपत्रे सोबत पाठवली आहेत. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर : आपण पाठवलेली कागदपत्रे वाचली. दोन्ही ठिकाणच्या करात वर्षाला 12,750 रुपयांचा, म्हणजे महिन्याला हजाराच्या किंचित वर फरक दिसतो आणि तो निवृत्तिवेतनातून जाणार असल्याने आपण त्याचा विचार करता हे योग्यच आहे. मात्र आपण ज्या दोन आकड्यांची तुलना करत आहात, ते दोन्ही आकडे आपले नाहीत. नऱ्ह्याचा आकडा सध्याच्या मालकाच्या वापरावरून ठरला आहे, आणि वाईकडील आकडा अशा घराचा आहे जे, माझ्या वाचनाप्रमाणे, आज त्या जागेवर उभेच नाही.

आधी वाईकडील घराविषयी, कारण तेथे आपले पैसे अडकले आहेत. आपण पाठवलेला ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 चा उतारा पुन्हा एकदा समोर घ्या. त्यात मालकाचे नाव आणि भोगवटादाराचे नाव असे दोन वेगळे रकाने आहेत. आपल्या विक्रेत्याचे नाव भोगवटादाराच्या रकान्यात असून मालकाच्या रकान्यात दुसऱ्याच व्यक्तीचे नाव व त्यापुढे ‘व इतर’ असे शब्द आहेत. पुढे बांधकामाचा प्रकार ‘दगड-विटा-मातीचे घर’ आणि क्षेत्रफळ 420 चौरस फूट असे नोंदले आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात मात्र गच्ची आणि जिना असलेले दुमजली आरसीसी घर आहे. घरपट्टी 1,150 रुपये का, याचे उत्तर येथेच मिळते. जुने घर पाडून नवे बांधले गेले, पण आकारणी जुन्याच घराची चालू राहिली.

महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, 1960 यांत डिसेंबर 2015 मध्ये झालेल्या सुधारणेनंतर ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते. जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि वापर यांवरून मूल्य काढून दर हजारी पैशांत कर लावतात, आणि मातीच्या घराचा व आरसीसी घराचा दर सारखा नसतो. त्यामुळे फेरआकारणी होईल त्या वर्षी हा आकडा काही पटींनी वाढू शकतो. अर्थात वाढूनही तो बहुधा पुण्यापेक्षा कमीच राहील, हे मी मान्य करतो, आणि घरपट्टी एवढाच प्रश्न असता तर मी आपल्याला अडवले नसते.

खरी अडचण मालकीची आहे. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही आहे, तो मालकी हक्काचा पुरावा नव्हे. कर भरल्याच्या पावत्यांनी फार तर ताबा दाखवता येतो, मालकी सिद्ध होत नाही, ही भूमिका न्यायालयांनी वारंवार घेतली आहे. विक्रेता म्हणतो की ‘500 रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करार करू आणि नमुना 8 वर तुमचे नाव लावून देतो.’ हे वाक्य माझ्या कार्यालयात इतक्यांदा ऐकू येते की त्याचा आता राग येत नाही, कंटाळा येतो. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, नोटरीच्या शिक्क्याने होत नाही. आपण पाठवलेल्या सातबाऱ्यावर जमीन शेती म्हणून दाखल आहे आणि आपण शेतकरी नाही. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 च्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमिनीची विक्री परवानगीवाचून करता येत नाही. नोटरी कराराची पळवाट विक्रेत्याने का सुचवली, हे यावरून आपल्या लक्षात येईल. मिळकत जुन्या गावठाणाच्या हद्दीत असती तर चित्र काहीसे वेगळे असते, कारण गावठाणातील घरांना अनेकदा सातबारा नसतोच आणि तेथे मिळकत पत्रिका, सनद व जुने दस्त पाहून मालकी ठरवावी लागते. येथे सातबारा आहे, म्हणून तो प्रश्न उरत नाही.

आता नऱ्हे. हे गाव 30 जून 2021 रोजी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांपैकी एक आहे. त्याआधी तेथेही ग्रामपंचायत होती आणि घरपट्टीही ग्रामपंचायतीच्याच दराने होती. ‘कर कमी’ म्हणून तेव्हा तेथे घर घेतलेल्यांनी घर न बदलता कर आकारणारी संस्था बदललेली पाहिली. शहराच्या किंवा वाढत्या तालुक्याच्या गावाच्या सीमेवर घर घेणाऱ्याने आजच्या घरपट्टीवर वीस वर्षांचे गणित बांधू नये, असे मी सांगतो ते याच अनुभवावरून.

आपण पाठवलेल्या बिलात वापर निवासी असला तरी स्वतःच्या वापराची 40 टक्के सवलत कोठेही दिसत नाही. विक्रेत्याने सदनिका विद्यार्थ्यांना भाड्याने दिली होती, असे आपणच लिहिले आहे, त्यामुळे ते स्वाभाविक आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला करयोग्य मूल्यात ही सवलत 1970 पासून मिळत होती, मध्यंतरी लेखापरीक्षणातील आक्षेपामुळे ती बंद झाली आणि 2023 मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने पुन्हा लागू झाली. ती आपोआप लागत नाही. त्यासाठी पीटी-3 अर्जासोबत स्वतः राहत असल्याचे पुरावे, म्हणजे सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसजोडणीचे कागद यांसारखी कागदपत्रे क्षेत्रीय कार्यालयात द्यावी लागतात. अन्य घटक तेच धरले तर 13,900 रुपयांचे बिल ढोबळमानाने 8,300 रुपयांच्या आसपास येईल आणि मुदतीत भरल्यास सर्वसाधारण करात आणखी थोडी सूट मिळेल. म्हणजे आपण ज्या फरकाने भ्यालात, त्यातला बराच भाग तेथे राहायला गेल्यावर एका अर्जाने कमी होणारा आहे. निव्वळ ज्येष्ठ नागरिक आहोत म्हणून मिळकतकर माफ होतो, असा समज मात्र मनात ठेवू नका. महानगरपालिका अधिनियमात तशी सरसकट माफी नाही.

राहिली 71,000 रुपयांची थकबाकी. समाविष्ट गावांतील कराच्या दरावरून वाद झाला आणि राज्य शासनाने वसुलीला स्थगिती दिली, हे खरे आहे. परंतु स्थगिती म्हणजे माफी नव्हे. ती उठली की मागणी जागच्या जागी असते. अभय योजना, म्हणजे थकबाकीदारांना सवलत देणारी योजना, आली तरी तिचा रोख सामान्यतः शास्तीवर असतो, मूळ करावर नसतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 141 प्रमाणे मिळकतकर हा त्या मिळकतीवरील प्रथम बोजा असतो, म्हणजे कर भरण्याचे टाळून मालक निघून गेला तरी भिंती जागेवर राहतात आणि मागणी भिंतींना चिकटून राहते.

या कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 1971 चा अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणातील निकाल आहे. थकबाकीची कल्पना नसताना मोबदला देऊन न्यायालयीन लिलावात मिळकत घेतलेल्या खरेदीदाराविरुद्ध हा बोजा बजावता येत नाही, असे न्यायालयाने मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 100 चा आधार घेऊन म्हटले. काही दलाल हा निकाल ऐकीव स्वरूपात सांगत फिरतात. आपल्याला त्याचा काहीही उपयोग नाही, कारण त्या निकालाचा पाया ‘कल्पना नसणे’ हा आहे, आणि आपल्या भ्रमणध्वनीवर विक्रेत्याचा संदेश आहे, हातात बिल आहे आणि आता माझ्याकडे आपले पत्रही आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्याच कलम 55 प्रमाणे विक्रीच्या तारखेपर्यंतचे सार्वजनिक कर भरण्याची जबाबदारी विक्रेत्याची असते, मात्र करारात त्याविरुद्ध काही ठरले नसेल तरच. आपल्याला आलेल्या कराराच्या मसुद्यातील कलम 9 पाहा : ‘सदर मिळकतीचे मागील व पुढील सर्व कर लिहून घेणार यांनी भरावयाचे आहेत.’ ‘लिहून घेणार’ म्हणजे खरेदीदार, अर्थात आपण, आणि यातील ‘मागील व’ हे दोन शब्द आपल्याला 71,000 रुपयांना पडतील. ते काढून टाका, आणि त्याऐवजी खरेदीखताच्या तारखेपर्यंतची थकबाकी, शास्ती व न्यायप्रविष्ट किंवा स्थगित मागणी विक्रेत्यावर राहील व त्याबाबत तो नुकसानभरपाई देईल, असे स्पष्ट लिहून घ्या. नुसत्या हमीवर मात्र थांबू नका. हमी दिलेला माणूस उद्या परगावी गेला तर हमीपत्र घेऊन दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि निवृत्तीची पहिली वर्षे त्यात घालवावीत असे मी आपल्याला सुचवणार नाही. थकबाकीची रक्कम किमतीतून वजा करून आपणच महापालिकेत भरणे, किंवा विक्रेत्याने ती भरून थकबाकी नसल्याचा दाखला खरेदीखतापूर्वी हाती देणे, या दोहोंपैकी एक झाल्याशिवाय दुय्यम निबंधकाकडे जाऊ नका.

सदनिकेच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आपण पाठवलेले नाही. ते मागा. बांधकाम परवानगीवाचून झालेले असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267 अ खाली मिळकतकराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित झाले असे होत नाही. ग्रामपंचायत काळातील इमारतींमध्ये हा धोका खरा आहे. प्रमाणपत्र असेल आणि मालकीच्या नोंदी तपासणारा तीस वर्षांचा शोध अहवाल निर्दोष असेल, तर या दोहोंत नऱ्ह्याचे घर घ्यावे असे माझे मत आहे, कर जास्त असूनही. खरेदीनंतर तीन महिन्यांच्या आत हस्तांतरणाची लेखी सूचना महापालिकेला देऊन बिलावर आपले व पत्नीचे नाव लावून घ्या आणि राहायला गेल्यावर पीटी-3 अर्ज द्या. डोंबिवलीच्या सदनिकेचा मिळकतकर आपण स्वतः भरत राहा आणि त्याची पावती जपा, कारण प्राप्तिकरासाठी भाड्याच्या उत्पन्नातून मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला कर वजा मिळतो, भाडेकरूने भरलेला मिळत नाही.

वाईच्या 51,000 रुपयांसाठी विक्रेत्याला या आठवड्यातच नोंदणीकृत डाकेने पत्र पाठवा. त्यात मालकीचा नोंदणीकृत दस्त, बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगी पंधरा दिवसांत दाखवण्याची मागणी करा, आणि ते न दाखवल्यास मालकी सदोष असल्याने आपण व्यवहार रद्द करत असून विसार परत मागत आहात असे नमूद करा. विसार पावतीची मूळ प्रत कोणालाही देऊ नका, ‘नाव लावायला लागते’ असे सांगून ती मागितली तरीही.